गंजाची वहिवाट

1959 च्या शस्त्र अधिनियमात शस्त्र कोणी बाळगावे, कोणी बाळगू नये, कोणाकडून घ्यावे, कोणास विकावे आणि परवान्याची मुदत सरल्यावर ते कोणत्या ठाण्यात नेऊन रुजू करावे, या बाबींचा इतका सांगोपांग ऊहापोह केलेला आहे की मसुदा लिहिणाऱ्या विधिज्ञांनी मानवी दुष्टतेची एकही शक्यता नजरेआड होऊ दिली नसावी, असे वाचणाऱ्यास वाटते; परंतु ही मंडळी दिल्लीस बसून लिहीत असल्यामुळे कोकणची हवा मात्र त्यांच्या विचारातून साफ निसटली. ज्येष्ठात मृगाचा पाऊस लागल्यापासून आश्विनापर्यंत आमच्या किनाऱ्यावर जी हवा नांदते, ती कोणासही वर्दी न देता दिवसाढवळ्या परवानाधारकाच्या कपाटात शिरते आणि त्याचे शस्त्र कणाकणाने घेऊन जाते. या चोरीची फिर्याद कोणत्या कलमाखाली नोंदवावी, हे आमच्या अण्णांना अखेरपर्यंत कोणीही सांगू शकले नाही.

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतबंधू. खोती होती तोवर ते खोत होते आणि 1949 च्या कायद्याने खोती खालसा झाल्यावरही गावाने त्यांना सवयीने खोतच ठेवले. सारावसुलीचा मान तलाठ्याकडे गेला, भाताची जमीन कुळांकडे गेली, दिवाणखान्यातले झुंबर एका गुजराती व्यापाऱ्याकडे गेले. आणि गतवैभवाची साक्ष देण्यास ज्या थोड्या जंगम वस्तू मागे राहिल्या, त्यांत आवाज करू शकेल अशी एकच वस्तू होती. ती म्हणजे एक आखूड नळीचे पाचबारी रिव्हॉल्व्हर.

या रिव्हॉल्व्हराची वंशावळ घराण्यात दोन प्रकारे सांगितली जाई. अण्णांच्या मते ते पणजोबांना एका गोऱ्या कलेक्टराने वाघाच्या शिकारीनंतर प्रसन्न होऊन बहाल केलेले होते. काकूच्या मते ते आजोबांनी मुंबईस एका लिलावात, शिसवी पलंग घेण्यास गेले असता पलंगाची बोली आवाक्याबाहेर गेल्यामुळे, रिकाम्या हातांनी परतणे नको म्हणून उचललेले होते. हत्यार स्वतः मात्र तिसरीच जबानी देत असे. त्याच्यावर घडविणाऱ्याचे नाव नव्हते; होती ती लांबट वर्तुळात कोरलेली तीन रोमन अक्षरे, जी बेल्जममधील लिएज शहराच्या शस्त्रपरीक्षणगृहाची खूण होय. इंग्लंडात वेब्लीने 1872 च्या सुमारास ‘बुलडॉग’ नावाचे ठेंगणे, दणकट रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, आणि ते खपते आहे असे दिसताच लिएजच्या लहानमोठ्या कारागिरांनी त्याच्या नकला करकरून निम्म्या जगास स्वस्तात पुरविल्या. आमचे रिव्हॉल्व्हर त्या अनाम संततीपैकी एक. परीक्षणगृहाची ती खूण इतकीच हमी देते की बार काढला असता नळी फुटणार नाही. आमच्या किनाऱ्यावर ती टिकेल किंवा कसे, याची जबाबदारी लिएजकरांनी पत्करल्याचे कोठेही नमूद नव्हते. अर्थात ‘स्वस्त’ हा शब्द अण्णांच्या समोर उच्चारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती; काकू तो उच्चारी, परंतु स्वयंपाकघरातून.

त्याच्यावर निकेलचा मुलामा होता. स्वस्त हत्यारास निकेल चढविण्यात कारखानदाराचा हेतू दुहेरी असे: गिऱ्हाइकाचे डोळे दिपावेत, आणि आतल्या लोखंडावर कानशीने केलेली घाई त्या दिपलेल्या डोळ्यांस दिसू नये. निकेल स्वतः सहसा गंजत नाही, हे खरेच. परंतु पातळ मुलाम्यास कोठे सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले की ओलाव्यास मध्यस्थ घालून निकेल आणि लोखंड यांच्यात जो विद्युत्-व्यवहार सुरू होतो, त्यात निकेल आपले अंग राखून लोखंडाचा बळी देते. जस्ताचा स्वभाव नेमका उलट. पत्र्यावरचे जस्त स्वतः झिजते आणि खालच्या लोखंडास वाचविते. म्हणजे आमच्या गोठ्याच्या पत्र्यास जे इमानी संरक्षण लाभले होते ते खोतांच्या शस्त्रास लाभले नव्हते, आणि ही गोष्ट मी एकदा अण्णांना समजावून सांगितली तेव्हा ते गोठ्याकडे बराच वेळ रागाने पाहत राहिले.

मी त्या काळी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात रसायनशास्त्र घेऊन बसलो होतो, आणि सुटीत गावी आलो की घराण्यातील सर्व रासायनिक आपत्ती माझ्यापुढे मांडल्या जात. आषाढातल्या एका सायंकाळी अण्णांनी कातडी म्यानातून रिव्हॉल्व्हर काढून माझ्यापुढे ठेवले. निकेलचे पापुद्रे सुटले होते आणि त्यांच्याखालून तांबडी भुकटी डोकावत होती.

“तू रसायनशास्त्र घेतलं आहेस. हे काय आहे, सांग.”

“आयर्न ऑक्साइड, अण्णा. पाण्याचा अंश असलेलं.”

“ते नाव झालं. उपाय काय?”

“तो दुसऱ्या वर्षाला आहे.”

तरीही जे ठाऊक होते ते मी सांगितलेच, कारण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास थांबविणे हे मोठमोठ्या प्राध्यापकांनाही साधत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या पुढे गेली की लोखंडावर डोळ्यांस न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो आणि गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो, असे व्हर्नन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने प्रयोगान्ती दाखवून दिले आहे. पृष्ठावर मिठाचा कण असेल तर मग पाहावयासच नको, कारण आर्द्रता पंचाहत्तरीस पोहोचताच मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः त्यात विरघळून बसते. आमच्याकडे पावसाळ्यात आर्द्रता नव्वदीच्या घरात, वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक, आणि समुद्र एवढा जवळ की उधाणाच्या दिवशी अंगणातल्या तुळशीची पाने चाखली तर खारट लागावीत. अशा स्थळी लोखंडाने लोखंड म्हणून राहावे, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची होती. अण्णांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे आम्ही देशावर राहायला जायचं, असं तुझं म्हणणं?”

मुख्य अपराधी मात्र ते कातडी म्यानच होते. कमावलेल्या चामड्यात आम्ले आणि क्षार मागे राहतात, शिवाय ते ओलावा धरून ठेवण्यात मोठे पटाईत असते. त्यामुळे हत्यार मखमलीच्या अस्तरात, सन्मानाने आणि अखंड ओले राहत असे. म्यानाच्या पट्ट्यातील काडतुसांच्या पितळेवर हिरवा लेप चढला होता. तांबडे रिव्हॉल्व्हर आणि हिरवी काडतुसे असा तो संच पाहून एका नातवाने ते होळीचे सामान समजून मागितले होते.

याखेरीज आणखी एक कारण होते आणि ते सांगणे नाजूक होते. काही माणसांच्या तळहातांच्या घामात क्षार इतके असतात की बारीक मोजमापाच्या कारखान्यांत त्यांना पोलादी मापांस स्पर्श करू देत नाहीत. अण्णा त्या जातीचे असावेत. आणि ते रोज सकाळी स्नानोत्तर रिव्हॉल्व्हर हातांत घेऊन त्याच्या प्रकृतीची विचारपूस करीत. शिवाय घरी येणाऱ्या प्रत्येक प्रतिष्ठित पाहुण्यास ते दाखविले जाई, पाहुणा ते हातांत तोलून “वा!” म्हणे, आणि पाहुण्याच्या त्या कौतुकाचा ठसा धातूवर राहून जाई. गणपतीस आलेल्या जावईबापूंचा उजवा अंगठा दिवाळीपर्यंत नळीवर तांबड्या रेषांनी इतका सुस्पष्ट उमटला की तसा अंगठा तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडील एकाही खरेदीखतावर सापडला नसता. अण्णांनी तो पुसू दिला नाही. जावई मोठ्या हुद्द्यावर होते.

गंज जसजसा वाढला तसतसे औषध सुचविणारेही वाढले. कोणाच्या घरी माणूस आजारी पडले तर गाव दोन दिवस चौकशी करते; परंतु खोतांच्या हत्याराचा आजार हा सार्वजनिक होता, आणि सायंकाळी पडवीवर जमणाऱ्या मंडळींत त्यावरून तट पडले. भटजींचा पक्ष खोबरेल तेलाचा. त्यांच्या मते देवाच्या समईपासून मुलाच्या टाळूपर्यंत जे चालते ते बंदुकीस न चालावयास काय झाले? तेल लावण्यात आले. पंधरवड्यात ते आंबूस होऊन चिकटले, माघाच्या थंडीत चापापाशी थिजून पांढरे झाले, आणि मधल्या काळात घरातल्या झुरळांनी नळीच्या आत वस्ती केली. शाळामास्तरांचा पक्ष जवसाच्या तेलाचा, कारण क्रिकेटची बॅट त्यावर वर्षानुवर्षे टिकते हे त्यांनी मुंबईस पाहिले होते. जवसाचे तेल हवेत वाळते आणि वाळले की त्याचे रोगण बनते, हा त्याचा बॅटीच्या दृष्टीने सद्गुण. रिव्हॉल्व्हराच्या पाच घरांचा दंडगोल मात्र त्या रोगणाने असा जाम झाला की तो फिरविण्यासाठी तो पाटा-वरवंट्याच्या सान्निध्यात न्यावा लागला. शिंप्याने शिलाई मशीनचे तेल आणून दिले. ते तेल खरोखर चांगले, पातळ आणि न चिकटणारे होते. परंतु देणारा शिंपी असल्यामुळे त्याच्या मतास पडवीवर वजन आले नाही. वैद्यबुवांनी एरंडेल सुचविले. ते सर्वच रोगांवर एरंडेल सुचवीत.

एक तोडगा समुद्राकडूनही आला. मचव्यांच्या इंजिनांची दुरुस्ती करणारा एक मिस्त्री काही कामासाठी आला असता त्याने सहज सांगितले की लाँचीच्या पंख्यापाशी जस्ताच्या वड्या बसवितात, त्या झिजतात आणि पंखा वाचतो. सर हम्फ्री डेव्हीने 1824 साली इंग्रजी आरमाराच्या जहाजांवरील तांबे राखण्यास हीच युक्ती काढली होती, अशी भर मी घातली. गोठ्याचा पत्रा अण्णांच्या मनात अद्याप सलत होताच. त्यांनी तत्काळ विचारले, “मग ह्याला एक जस्ताची वडी बांधली तर?”

मिस्त्रीने रिव्हॉल्व्हर उलटसुलट करून पाहिले. “अण्णानू, सुक्या वाऱ्यावर ता चालूचा नाय. दर्यात बुडवन ठेवलात तर चालात.”

अण्णांनी या सूचनेचा विचार केला, हे त्यांच्या मुद्रेवरून दिसत होते. हत्यार विहिरीत ठेवता येईल काय, अशी पृच्छाही त्यांनी मजजवळ मागाहून एकान्ती केली.

या सर्व उपचारांनी जी हानी व्हावयाची राहिली होती ती धर्माने पुरी केली. खंडेनवमीस शस्त्रपूजा यथासांग होत असे. रिव्हॉल्व्हर पाटावर मांडून त्यास पंचामृताचे स्नान घालण्यात येई. यांपैकी दह्याचे आम्ल आणि मधाची ओल ही दोनच द्रव्ये लोखंडाचा समाचार घेण्यास पुरेशी आहेत. मग हळदकुंकू, अक्षता, फूल, आणि शेवटी भटजींच्या पळीतून मंत्रपूर्वक शिंपडलेले पाणी. पूजा झालेले हत्यार दसऱ्याच्या सीमोल्लंघनापर्यंत हलवावयाचे नसे. दसऱ्यास ते उचलले जाई तेव्हा पाटावर त्याची तांबडी आकृती उमटलेली असे, आणि काकू दरवर्षी म्हणे, “देव पावला. अर्धं पाटावर राहिलं.”

त्याने बार काढल्याचा एकच प्रसंग मला ठाऊक आहे. आंब्याच्या बागेत वानरे उतरली होती, आणि अण्णांनी कुंपणापाशी उभे राहून हवेत एक गोळी झाडली. आवाज झाला, धूर झाला, अण्णा मागे सरले. वानरांनी हातातले आंबे न सोडता सर्व प्रकार शांतपणे अवलोकन केला. परंतु खरा अनर्थ दुसऱ्या दिवशी उघडकीस आला. पुसूनपासून, शिंप्याच्या तेलात न्हाऊन ठेवलेली नळी आतून तांबडी झाली होती. पडवीवर हाहाकार उडाला. तेव्हा महायुद्धात ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर चाकरी करून आलेले एक निवृत्त सुभेदार, जे आजवर एका बाजूस विडी ओढीत गप्प बसत असत, प्रथमच बोलले.

“उकळतं पाणी ओता.”

पडवीवर शांतता पसरली. लोखंड गंजते म्हणून त्यावर पाणी ओतावयाचे, हे ऐकून भटजींनी कानांवर हात ठेवले, मास्तरांनी सुभेदारांच्या वयाचा उल्लेख केला आणि मी, एक शास्त्राचा विद्यार्थी म्हणून, सौम्यपणे हसलो. पुढे दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात नव्हे, कोठल्याच पुस्तकात नव्हे, तर नोकरीनिमित्त दारूगोळ्याच्या कामाची माहिती असलेल्या एका गृहस्थांशी आगगाडीत बोलताना मला कळले की त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते उडाले की पोटॅशियम क्लोराइड मागे उरे, आणि ते आपल्या जेवणातल्या मिठाचे सख्खे भावंड. तेलात ते विरघळत नाही, तेलाच्या खाली सुखाने बसून हवेतले पाणी ओढते. पाण्यात मात्र ते चटकन विरघळते, आणि पाणी उकळते असले म्हणजे तापलेली नळी आपोआप कोरडी होते. इंग्रजी फौजेत गोळीबारानंतर रायफलींत उकळते पाणी ओतण्याची जी चाल होती तिचे इंगित हे होते. पडवीवरच्या एवढ्या विद्वानांत बिडी ओढणारा तेवढा एक जण खरे बोलला, आणि त्याचे म्हणणे एकमताने फेटाळण्यात आले.

मास्तरांनी मात्र हार मानली नाही. आपल्या पूर्वजांस न गंजणारे लोखंड ठाऊक होते, या मुद्द्यावर ते येत, आणि मग दिल्लीचा लोहस्तंभ पडवीवर उभा राहत असे. सोळाशे वर्षे उन्हापावसात उभा असलेला तो खांब खरोखरच थक्क करणारा आहे, आणि कानपूरच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी पुढे सिद्ध केले की त्याच्या लोखंडात स्फुरदाचा अंश पुष्कळ असल्यामुळे त्याच्या पृष्ठावर एक संरक्षक थर धरला आहे. मास्तरांना स्फुरदाशी कर्तव्य नव्हते. त्यांना लिएजच्या कारागिरांस कमी लेखावयाचे होते. अण्णांनी एकदा त्यांना विचारले की मग पूर्वजांनी रिव्हॉल्व्हर का केले नाही. मास्तर म्हणाले, “गरज पडली नाही.” बिजापूरची मुलूखमैदान तोफ कांशाची असल्यामुळे तिला 1549 पासून गंजाची बाधा झालेली नाही, हेही कोणीतरी सांगितले, परंतु ती म्यानात मावण्यासारखी नव्हती.

या सगळ्यातली खरी थट्टा इतिहासाने केली आहे आणि ती आमच्याच घरात, दोन भिंतींच्या अंतरावर, रोज दिसत असे. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली या धातुशास्त्रज्ञाने 1913 मध्ये क्रोमियम घातलेले न गंजणारे पोलाद तयार केले ते बंदुकांच्या नळ्यांसाठी. आतून झिजणार नाही अशा नळीच्या तो शोधात होता. पोलाद मिळाले, परंतु नळ्यांच्या कारखानदारांनी त्याकडे पाठ फिरविली आणि ते सुऱ्याकाट्यांच्या कारखान्यात गेले. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने संपूर्ण अशा पोलादाचे पहिले रिव्हॉल्व्हर विकावयास काढले ते 1965 साली. तोवर ते पोलाद वाट्या, पळ्या, पातेली आणि डबे अशी रूपे घेत काकूच्या फळीपर्यंत येऊन पोहोचले होते. म्हणजे बंदुकीसाठी निर्माण झालेली धातू स्वयंपाकघरात आरशाप्रमाणे झळकत होती आणि खुद्द बंदूक माजघरात तांबडी होऊन बसली होती. बोहारणीस जुन्या पैठण्या देऊन काकूने तो संसार जमविला होता. अण्णांनी हा इतिहास मजकडून ऐकला त्या दिवशी भोजनसमयी ते आपल्या ताटाकडे संशयाने पाहत होते.

विषयांतर होते खरे, परंतु सांगावयास हवे. माझा एक भाचा हल्ली टेक्सासातील ह्यूस्टन शहरी असतो, जेथे मेक्सिकोच्या आखातावरून येणारी हवा आमच्या हवेची मावसबहीण शोभावी अशी आहे. त्याने शेजाऱ्यांच्या आग्रहावरून एक स्वस्त पिस्तूल घेतले. दुकानदाराने सांगितले की त्याचा सांगाडा पॉलिमरचा असल्यामुळे गंजणे अशक्य. हे विधान सांगाड्यापुरते सर्वस्वी सत्य होते. वरची सरकती पट्टी, पिना आणि स्प्रिंगा पोलादाच्या असून त्यांवर काळ्या ऑक्साइडचा केवळ एक पातळ हात फिरविलेला होता. महागड्या पिस्तुलांत पोलादाच्या पृष्ठात नायट्रोजन मुरवून त्याचे कवच कठीण करतात, ते खरे टिकते, आणि त्याची किंमत त्या दुकानात वरच्या फळीवर होती. एका उन्हाळ्यात कमरेच्या घामाने पट्टीवर तांबडे ठिपके उठले तेव्हा त्याने मला फोन केला. “मामा, एक जण म्हणतो मोटारीला लावायचं मेण लाव, दुसरा म्हणतो मेण अजिबात नको, तिसऱ्याने कसलं तरी तेल स्वतः घरी करून आणून दिलंय.” मी त्यास विचारले की त्यांच्यात कोणी गप्प बसून धूम्रपान करणारा आहे काय.

तर अण्णांच्या हकीकतीकडे वळतो. एका वर्षी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज, योग्य किमतीचे कोर्ट फी तिकीट वेळेवर न मिळाल्यामुळे, मुदतीनंतर दाखल झाला. आणि परवान्याची मुदत सरली की कलम 21 बरहुकूम शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते. मी अण्णांबरोबर गेलो. मुद्देमाल कारकुनाने दौतीत टाक बुडवून पावती लिहिली: पाचबारी रिव्हॉल्व्हर नग एक, परदेशी बनावटीचे, रंग तांबूस, हालत जुनी.

“रंग पांढरा आहे,” अण्णा म्हणाले. “निकेलचा. चमकदार.”

“मी दिसतं ते लिहितो, खोतसाहेब. तुम्ही आठवतं ते सांगता.”

मुद्देमालाची खोली म्हणजे एक कौलारू पडळ होते. तेथे जप्त केलेल्या गावठी दारूचे डबे, चोरट्या सागाचे ओंडके, एक बेवारस सायकल आणि कोणत्यातरी जुन्या दंग्यातल्या काठ्या अशा मंडळींत रिव्हॉल्व्हराची स्थापना झाली. नूतनीकरणाचा कागद जिल्ह्यास गेला, तेथून शेऱ्यासाठी खाली आला, खुलाशासाठी पुन्हा वर गेला. दरम्यान मृग लागला, आर्द्रा गेल्या, कौले गळली. परवाना हाती येऊन आम्ही हत्यार सोडविण्यास गेलो तेव्हा हवालदारांनी ते उजेडात धरले, परवान्याशी ताडून पाहिले आणि त्यांच्या कपाळास आठी पडली.

“परवान्यात नंबराचा शेवटचा आकडा तीन आहे. इथे आठ दिसतोय.”

“तो तीनच आहे. उरलेला गंज आहे.”

“गंजाची नोंद परवान्यात नाही.”

“मग हे कोणाचं?”

“हे आठ नंबरवाल्याचं. तुमचं तीन नंबरचं कुठे आहे?”

“हेच ते!”

“हे आठ आहे, खोतसाहेब. तीन हरवलं असेल तर तशी वर्दी द्या. आणि हे आठ नंबरचं विनापरवाना हत्यार तुमच्या नावावर कसं जमा झालं, त्याचा खुलासाही द्यावा लागेल.”

ज्या गृहस्थास एक रिव्हॉल्व्हर सांभाळणे जड झाले होते तो अशा रीतीने क्षणार्धात दोहोंचा जबाबदार ठरला. अण्णांनी खिशातून रुमाल काढून नंबर घासण्यास आरंभ केला, तोच हवालदारांनी त्यांचा हात धरला. हत्यारावरची ओळखीची खूण खोडणे, काढून टाकणे किंवा बदलणे हा कलम 8 खाली अपराध होता.

“मी नंबर घासत नाही. गंज घासतो आहे.”

“नंबर कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो, ते पंचांसमक्ष ठरवावं लागेल.”

हवालदार मनाने दुष्ट नव्हते. त्यांना फक्त प्रत्येक गोष्ट कागदावर हवी होती. अखेरीस रॉकेल मागविण्यात आले, नारळाचा काथ्या मागविण्यात आला, बाजारास आलेले सुभेदार आणि ठाण्यासमोरचा चहावाला असे दोघे पंच झाले; आणि सदरहू हत्यारावरील तांबड्या रंगाचा पदार्थ पंचांदेखत काथ्याने हळुवार घासला असता, पदार्थ निघून गेला व आठ या आकड्याची डावी बाजू त्याच्याबरोबर निघून जाऊन तीन हा आकडा शिल्लक राहिला, कोणत्याही प्रकारे धातूस इजा झाली नाही, पंचांनी हे स्वतः डोळ्यांनी पाहिले, अशा आशयाचा पंचनामा तयार झाला. काथ्यावर जमा झालेल्या गंजाचे काय करावे, हा प्रश्न कारकुनाने उपस्थित केला. तो शस्त्राचा भाग आहे असे धरले तर अण्णांना तो पावतीवर परत करणे आवश्यक होते. पुष्कळ चर्चा होऊन तो एका पुडीत बांधून त्यांना देण्यात आला.

परतताना अण्णा फारसे बोलले नाहीत. कूळकायदा लागू झाला तेव्हा त्यांनी जे म्हटले होते तेच ते पुन्हा म्हणाले, की ज्याचा कबजा त्याची मालकी असे एकदा ठरल्यावर मूळ मालकाने दाद कोणाकडे मागावी. आणि या वेळी त्यांचा रोख कुळांवर नसून गंजावर होता, हे कळण्यास मला थोडा वेळ लागला.

शेवटी तिढा काकूने सोडविला आणि तोही कोणास न विचारता. कातडी म्यान तिने उन्हात टाकले आणि तेथून ते कुत्र्याने नेले. रिव्हॉल्व्हर तिने शिंप्याच्या तेलाने पुसून, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या एका स्टीलच्या डब्यात घातले आणि तो डबा चुलीवरच्या माळ्यावर, ऊब लागते तेथे ठेवला. तापलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता उतरते, हे तत्त्व मी तिला समजावून सांगण्यासाठी गेलो असता ती म्हणाली, “मला ते माहीत नाही. तिथे पापड मऊ पडत नाहीत.” त्या पावसाळ्यात गंजाने एक रेघही पुढे सरकण्याचे धाडस केले नाही. काडतुसे मात्र अण्णांच्या आग्रहावरून माजघरातल्या तिजोरीत कुलूपबंद राहिली. चुलीपासून दूर असावीत एवढे काकूसही मान्य होते. प्रत्येक पाहुण्यास हत्यार दाखविण्याची प्रथाही बंद पडली, कारण स्वयंपाकघरात सोवळे असे आणि माळ्याची शिडी काकूच्या ताब्यात होती. जावईबापू पुढच्या गणपतीस आले तेव्हा त्यांना पुडीतला गंज दाखविण्यात आला.

पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी परवानाधारक शस्त्र सुरक्षित ठेवतो किंवा कसे, याची समक्ष तपासणी करण्यास नवे फौजदार घरी आले. हे तरुण गृहस्थ घाटावरचे, फार शिस्तीचे. त्यांनी तिजोरी पाहिली, काडतुसे मोजली आणि वही काढून विचारले, “शस्त्र कुठे असतं?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिले, मी छताकडे पाहिले. उत्तर स्वयंपाकघरातून आले. “पोह्यांच्या पापडांच्या शेजारच्या डब्यात.”

फौजदार शिडी चढून गेले. पहिला डबा त्यांनी चुकीचा उघडला. बऱ्याच वेळाने ते खाली उतरले तेव्हा रिव्हॉल्व्हर त्यांच्या एका हातात होते, आणि तपासणीच्या वहीत त्यांनी उभ्याउभ्याच शेरा लिहिला, जो मी त्यांच्या खांद्यावरून वाचला: ‘शस्त्र पाहिले. कोरडे व सुस्थितीत. ठेवण्याची जागा अनपेक्षित, सबब सुरक्षित.’ सही करताना त्यांना लेखणी डाव्या हातात घ्यावी लागली नाही, कारण तोवर काकूने पुढे होऊन त्यांच्या हातातले रिव्हॉल्व्हर काढून घेतले होते आणि बोटांचे ठसे पदराने पुसण्यास सुरुवात केली होती.